सगळ्यांतर्फे

सरोज खांबेटेला रिकाम्या हातानं कुणाच्या दारात उभं राहिलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. बारसं असो, आजारी माणसाला बघायला जायचं असो, नाहीतर शेजारणीची कात्री परत करायची असो, हातात काहीतरी असणारच. काही नाही तर दोन केळी, तीही नसली तर कुंडीतल्या कढीपत्त्याची जुडी. हे वळण तिला आईनं लावलं. "कुणाकडे जायचं तर काहीतरी घेऊन जावं गं, नाहीतर जाऊच नये," असं आई म्हणायची. डोंबिवलीतल्या अर्ध्याअधिक आया मुलींना हेच शिकवतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्या वाक्याचा शेवटचा तुकडा, तो 'नाहीतर जाऊच नये', सरोजनं जरा जास्तच मनावर घेतला.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. सरोज तेव्हा कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात हिशेब खात्यात होती. बी. कॉम. झालेली, लग्न व्हायचं होतं, अक्षर सुरेख. हे सुरेख अक्षर आता कुणाला नको आहे, हे तिला एका सकाळी कळलं. खात्यात कंप्युटर आला आणि त्याच्याबरोबर टाय लावलेले दोन तरुण आले. पगाराचा प्रोग्रॅम बसवायला आलेले. रजेचा हिशेब चुकला की त्यांच्यातला एक जण पडद्यावर काहीतरी इंग्रजी ओळी उघडायचा, एखादा शब्द इकडचा तिकडे करायचा, आणि चारशे कामगारांचा पगार बरोबर यायचा. सरोज मागे उभी राहून बघायची. पुढच्या वर्षी खात्यातली माणसं कमी होणार अशी कुजबूज होतीच. जो डबा आपली खुर्ची खाणार आहे त्याच्या पोटात काय आहे ते तरी बघू, असं तिच्या मनानं घेतलं.

मनानं घेतलं खरं, पण शिकायचं कुठे? डोंबिवलीत क्लास पुष्कळ होते. सरोज कोलशेतहून घरी पोचायची तेव्हा त्यांच्या शेवटच्या बॅचची मुलं चपला घालत असायची. पुस्तकं होती, तीही उशीसारखी जाड, आणि इंग्रजी असं की आपल्याला काही समजू नये हीच लेखकाची इच्छा असावी. राहता राहिलं इंटरनेट.

फडके रोडच्या मागच्या गल्लीत एका माणसानं आपल्या झेरॉक्सच्या दुकानात प्लायवूडचे आडोसे घालून सायबर कॅफे काढला होता. आडोशाआडची बहुतेक गिऱ्हाइकं काय बघायला यायची ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यामुळे पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेली सरोज तिथे आल्यावर मालकच जास्त अवघडला. त्यानं तिला दाराजवळचं, सगळ्यांना दिसेल असं मशीन दिलं आणि ते पुढे तिचंच झालं.

आजच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही, पण त्या काळात इंटरनेटवर सगळं होतं आणि काहीच सापडत नव्हतं. सरोजला 'सी' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची होती. शोधायच्या चौकोनात तिनं ते एक अक्षर टाकलं, तर उत्तर आलं की एवढ्या आखूड शब्दावर आम्ही शोधत नाही. पुढे 'लँग्वेज' जोडलं तेव्हा शेकडो पानं आली. कुठल्या तरी अमेरिकन प्राध्यापकाचं वेळापत्रक, कुणाच्या कुत्र्याचे फोटो, 'हे पान तयार होत आहे' अशी फावडं घेतलेल्या माणसाची पाटी. एकेक पान वरून खाली इतकं हळू उतरायचं की अर्ध्या तासात तीन पाट्या आणि एक कुत्रा एवढंच पदरात पडायचं. सरोज हिरमुसून घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची.

असंच भटकताना तिला ते पान सापडलं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं, एकही चित्र नाही, त्यामुळे पटकन उघडलं. मथळा इंग्रजीत होता, त्याचा अर्थ असा: 'सी शिकायची आहे? फोनच्या बिलाच्या लायकीचं काय ते इथे पाहा.' खाली पत्त्यांची यादी, आणि प्रत्येक पत्त्यापुढे त्या माणसाचा शेरा. 'हे गृहस्थ हुशार आहेत, पण स्वतःची हुशारी दाखवायला लिहितात. पहिला धडा वाचा आणि निघा.' 'हे पान उघडायला फार वेळ घेतं. चहा टाकून या. वाट पाहिल्याचं चीज होईल.' 'इथला कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला समजावून देणारा प्रोग्रॅम, फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालतो, एका फ्लॉपीत मावतो.' 'हे नका उघडू. मी उघडलं, पस्तावलो.' सरोज दाराजवळच्या त्या मशीनसमोर एकटीच हसली. इतक्या दिवसांत इंटरनेटवर पहिल्यांदाच तिला एक माणूस भेटला होता.

पानाच्या तळाशी नाव होतं, एन. डी. तळवडेकर. आणि त्या भोळ्या काळाच्या रीतीप्रमाणे ईमेलबरोबर घरचा अख्खा पत्ता होता. कळवा. म्हणजे सरोजच्या कोलशेतच्या कारखान्यापासून खाडी ओलांडली की पलीकडे. पत्त्याखाली आणखी एक वाक्य होतं: 'उपयोग झाला तर एक ओळ लिहा. आभार नकोत. कुणी येतं की नाही, एवढंच कळायला हवं.'

सरोजनं ते वाचलं आणि मनाशी म्हणाली, लिहू की. आधी थोडं शिकून तर होऊ दे.

मग ती शिकली. कॅफेत पानं फ्लॉपीवर उतरवून घ्यायची, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या कंप्युटरवर डबा खाता खाता वाचायची आणि करून बघायची. ज्या क्रमानं तळवडेकरांनी सांगितलं त्या क्रमानं. पॉइंटर नावाच्या प्रकरणावर ती अडली. तिथे सगळेच अडतात. परदेशी पानं वाचून डोक्याचा भुगा झाला. तेव्हा तिला दिसलं की त्या यादीत एक धडा तळवडेकरांनी स्वतः लिहिलेला आहे. त्यात त्यांनी चाळ घेतली होती. खोली वेगळी, खोलीचा नंबर वेगळा आणि खोलीत राहणारा माणूस वेगळा. टपालवाल्याला नंबर पुरतो, पण पाहुण्याला माणूस लागतो. भाडेकरू बदलला तरी नंबर तोच. सरोजनं घास हातात तसाच धरून तो धडा वाचला, आणि जे महिनाभर कळत नव्हतं ते उलगडलं. तिला इतका आनंद झाला की तिनं समोर बसलेल्या सुदेशला तो मोठ्यानं वाचून दाखवला.

सुदेश माल पाठवणीच्या खात्यातला, दिवा स्टेशनजवळ राहणारा, बडबड्या पोरगा. त्याच्याही खुर्चीचा भरवसा नव्हताच. तो शिकायला बसला. मग टेलिफोन बोर्डावरची अक्षदा आली, मग स्टोअरमधले आणखी दोघं-तिघं. दुपारच्या सुट्टीत त्या एका कंप्युटरभोवती डबे उघडायचे आणि तळवडेकरांचे शेरे वाचून हशा पिकायचा. 'तळवडेकर काय म्हणतात?' हा त्यांच्यातला परवलीचा प्रश्न झाला. एखादा नवीन पत्ता कुणी आणला की सुदेश म्हणायचा, "तळवडेकरांनी पास केलाय का? नाही ना? मग सोड." पाहिलेलं कुणी नव्हतं, तरी गृहस्थ त्यांच्यातलेच झाले होते.

आणि इथेच सरोजची चूक झाली.

एके दिवशी सुदेश म्हणाला, "अगं, खाली लिहिलंय बघ, एक ओळ लिहा. मी आज स्टेशनजवळच्या कॅफेत जाणार आहे, टाकून देऊ का मेल? 'सर, एक नंबर पेज आहे', बास."

सरोजला ते कसंसंच वाटलं. एवढं दिलं त्या माणसानं, आणि आपण काय द्यायचं, 'एक नंबर'? ती म्हणाली, "थांब रे. असं सुटं सुटं कशाला? बरं दिसत नाही ते. मी जाणार आहे ना त्यांच्याकडे. कळव्यालाच तर आहेत. आपल्या सगळ्यांतर्फे नीट काहीतरी घेऊन जाते."

"नक्की ना?"

"अरे, नक्की म्हणजे काय!"

ऑफिसात तसंच चालायचं. कुणाचं लग्न असो, कुणी निवृत्त होवो, वर्गणी सरोज गोळा करायची, वस्तू सरोज आणायची, वर कागदावर त्या सुरेख अक्षरात 'सगळ्यांतर्फे' लिहायची. बाकीच्यांना सही केली की मोकळं व्हायची सवय. इथे तर सहीसुद्धा नको होती. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे आपापल्या धड्याकडे वळले. अक्षदानं तर लिहिलेली ओळ पाठवता पाठवता खोडली. सरोज जाणार आहे म्हटल्यावर आपण मध्ये कशाला बोला!

नीट काहीतरी म्हणजे काय, याचा सरोजनं पुष्कळ विचार केला. पेढे तर न्यायचेच, पण पेढे काय, कुणीही नेतं. मग तिला सुचलं, तो चाळीचा धडा आपण मराठीत करून न्यायचा. मराठी शाळेतून आलेल्या पोरांना उपयोग होईल आणि त्या माणसाला आपलं लिखाण आपल्या भाषेत बघून किती बरं वाटेल. कल्पना इतकी छान होती की त्या दिवसापासून एक ओळ लिहिणं तिला आणखीनच कोरडं वाटायला लागलं.

अनुवाद सुरू झाला आणि रखडला. पॉइंटरला मराठीत काय म्हणायचं? 'दर्शक' म्हटलं तर दूरदर्शन आठवतं. कॅफेतल्या मशीनवर टाइप केलेलं मराठी ऑफिसच्या मशीनवर उघडलं की नुसते चौकोन आणि स्वल्पविराम. मग हातानं लिहायला घेतलं, तर खाडाखोड झाली की सरोजला ते पान पुन्हा लिहावंसं वाटायचं. दरम्यान तिला ठाण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत पॉइंटरच विचारले होते, आणि तिनं चाळ सांगून सोडवले. समोरचे साहेब खूश झाले. आई म्हणाली, "अगं, आता तरी जाऊन ये त्या कळव्याच्या सद्गृहस्थांकडे. पेढे मी आणते."

"धडा थोडाच राहिलाय आई. तो झाला की एकदमच जाते."

सुदेश आणि अक्षदाही वर्ष-दीड वर्षात कारखान्यातून बाहेर पडले, चांगल्या ठिकाणी लागले. सरोज त्याच्या निरोपाला गेली तेव्हा सुदेशनं विचारलं, "जाऊन आलीस का गं तळवडेकरांकडे?" सरोज म्हणाली, "या महिन्यात जातेच." त्यानंतर तिचं लग्न ठरलं. मग नवं घर, मग क्षिप्रा झाली, मग प्रोजेक्ट, मग आईचं आजारपण. थोडा राहिलेला धडा थोडाच राहिला. मधूनच कधीतरी ठाण्याहून घरी येताना कळव्याच्या पाट्या दिसायच्या आणि छातीत बारीकसं टोचायचं. ती स्वतःला सांगायची, जायचंय एकदा. मग ते टोचणंही बोथट झालं. पंचवीस वर्षं अशी जातात आणि माणूस त्या काळात स्वतःला कृतज्ञ समजत असतो!

यंदा क्षिप्रा इंजिनिअरिंगला गेली. तिला प्रोग्रॅमिंगमध्ये काही अडलं की ती फोनला विचारते आणि फोन तिला उत्तर, उदाहरण आणि वर शाबासकीही देतो. एका रविवारी पोह्यांच्या वेळी तिनं सहज विचारलं, "आई, तुम्ही कुठून शिकलात गं तेव्हा? काहीच नसेल ना?"

"काहीच नाही कसं? तळवडेकर होते," सरोज म्हणाली आणि मग तिनं पोहे गार होईपर्यंत ते पान, ते शेरे, चाळीचा धडा सगळं सांगितलं.

"मग बघू या ना. जुनी वेबसाइट बंद झाली तरी तिच्या कॉप्या जपून ठेवणारी एक साइट आहे," म्हणत क्षिप्रानं लॅपटॉप ओढला. पत्ता सरोजला अजून तोंडपाठ होता. पान उघडलं. तीच पांढरी पार्श्वभूमी, तीच काळी अक्षरं. "हे बघ, हे बघ, 'मी उघडलं, पस्तावलो'," सरोज लेकीला दाखवत सुटली. क्षिप्रा हसत होती. मग तिनं सगळ्यात शेवटची जपलेली प्रत उघडली. ती दोन हजार दोनची होती. तिच्यात यादी नव्हती. नुसता एक परिच्छेद होता, क्षिप्रानंच तो वाचला:

'हे पान आज बंद करतो आहे. पान किती वेळा उघडलं गेलं ते मोजणारा खालचा आकडा वाढताना दिसतो, पण मी स्वतः पान उघडलं तरी तो वाढतो. तेव्हा ते पाहुणे म्हणजे मीच असणार, असं घरच्यांचं म्हणणं आहे, आणि मला ते खोडता येत नाही. इतक्या वर्षांत कुणाची एक ओळ आली नाही. याचा अर्थ शिकणाऱ्यांची दुसरीकडे चांगली सोय झाली असेल. तसं असेल तर आनंद आहे.'

"सो सॅड यार," क्षिप्रा म्हणाली. "एकानंही लिहिलं नाही? तू पण नाही?"

सरोज पोह्याच्या बशा उचलून आत गेली आणि ओट्याशी उभी राहिली. तिला सुदेश दिसत होता. 'टाकून देऊ का मेल?' पोरगा टाकतच होता. अक्षदानं तर लिहिलीसुद्धा होती. स्वतः लिहिलं नाही हा आळस म्हणता येईल, पण दुसऱ्यांना लिहू दिलं नाही याला काय म्हणायचं? शिष्टाचार? तिला स्वतःची इतकी चीड आली की नळ सोडून ती तशीच उभी राहिली.

त्या आठवड्यात तिनं धडा पूर्ण केला. बसल्यावर दोन संध्याकाळी पुरल्या. शेवटी तिनं 'आपले विद्यार्थी' असं लिहून त्याखाली सगळ्यांची नावं टाकली, सुदेशपासून स्टोअरमधल्या मंडळींपर्यंत. छापून घेतलं, छान बांधून घेतलं. शनिवारी पेढे घेतले आणि कळव्याला गेली. गृहस्थ हयात असतील तर ऐंशीच्या घरात असतील, पायावर डोकं ठेवायचं आणि माफी मागायची, एवढंच तिनं ठरवलं होतं.

इमारत उभी होती. दुसऱ्या मजल्यावर पाटीही त्याच नावाची होती, ना. धा. तळवडेकर. दार एका वृद्ध बाईंनी उघडलं. ठेंगण्या, करारी, कपाळ मोकळं. सरोजनं दारातच ओळखलं की आपल्याला उशीर झाला आहे.

"तळवडेकर सरांना भेटायला आले होते," तरी ती म्हणाली.

"ते जाऊन चार वर्षं झाली. मी त्यांची मिसेस, मालन. तुम्ही कंपनीतल्या का? या, आत या."

आत सगळं स्वच्छ आणि कमी होतं. मालनकाकूंनी पाणी दिलं. सरोजनं पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि सांगून टाकलं, "काकू, मी सरांना कधी भेटले नाही. पण त्यांचं ते इंटरनेटवरचं पान होतं ना, त्यावरून मी शिकले. मला नोकरी लागली ती त्यांच्यामुळे. तेव्हा सांगायला यायचं राहून गेलं."

मालनकाकूंचा पुडा घेतलेला हात तसाच राहिला.

"ते पान? कंप्युटरवरचं? ते तुम्ही वाचलेलं?"

"हो. रोज वाचत होते."

"कधी?"

"अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवला."

काकू हळूच समोरच्या खुर्चीवर बसल्या. "मग लिहिलं का नाहीत हो?"

सरोजनं सांगायचा प्रयत्न केला, प्रत्यक्ष यायचं होतं, नुसतं कोरडं लिहायला बरं वाटेना, काहीतरी घेऊन यायचं होतं. स्वतःच्याच तोंडचे ते शब्द ऐकून तिला लाज वाटली. काकूंनी ते निम्मं ऐकलं असेल नसेल.

"ह्यांनी लवकर रिटायरमेंट घेतलेली," त्या म्हणाल्या. "आलेल्या पैशातून तो कंप्युटर आणला. सकाळ नाही, दुपार नाही, त्याच्यासमोर. मी विचारायची, आलं का कुणाचं पत्र? म्हणायचे, पोरं शिकत असतील गं, त्यांना कुठे वेळ. आणि इंटरनेट यायचं फोनच्याच तारेवरून. तो चालू असला की घरचा फोन बंद, माहितीये ना तुम्हाला? माझे बाबा गावाला शेवटच्या घटका मोजत होते. माझा भाऊ सावंतवाडीला बूथवर उभा राहून दुपारभर फोन लावत होता. एंगेज, एंगेज. शेवटी संध्याकाळी शेजाऱ्यांकडे लागला. मी पोचले तेव्हा सगळं आटपलेलं."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू होईपर्यंत काकू थांबल्या.

"मी परत आले आणि ह्यांना म्हटलं, मला एक पत्र दाखवा. फक्त एक. कुणाला तरी ह्याचा उपयोग झाला असं एक माणूस दाखवा, मग मी कधी काही बोलणार नाही. तर ह्यांच्याकडे काही नव्हतंच दाखवायला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ते बंद केलं. कंप्युटर देऊन टाकला. मग नुसते बसून असायचे, त्या खिडकीशी. कधी मला दोष दिला नाही. पण पूर्वीसारखे बोलायचे पण नाहीत."

सरोजच्या मांडीवरच्या पिशवीत तो बांधलेला धडा होता. तो द्यावा की न द्यावा, तिला कळेना. तिनं पिशवीत हात घातला आणि काढून घेतला.

"ते गेल्यावर मला कधी कधी वाटायचं, आपण फार कडक बोललो का?" काकू म्हणाल्या. "मग मी मनाशी म्हणायची, नाही, कुणी वाचतच नव्हतं ते. एवढा माणूस उगाच एकटा बोलत बसायचा, त्याला थांबवलं, बरंच केलं." त्यांनी सरोजकडे वर पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण त्या काहीतरी मागत होत्या. "तुम्ही एकट्याच होतात ना? म्हणजे आणखी कुणी नव्हतं ना वाचणारं?"

दुपारच्या डब्यांभोवतीची ती सगळी तोंडं सरोजपुढे उभी राहिली. 'तळवडेकर काय म्हणतात?' आज सांगितलं तर त्या माणसाला, गेल्यावर का होईना, त्याचं श्रेय मिळणार होतं. त्याचसाठी तर ती आली होती. आणि समोर ही बाई बसली होती. तिला या घरात अजून एकटीनं राहायचं होतं.

"नाही काकू," सरोज म्हणाली. "मी एकटीच होते."

मालनकाकूंनी श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "तेच म्हटलं," त्या म्हणाल्या. "एका माणसासाठी कुणी एवढा फोन अडवून ठेवतं का? तुम्हीच सांगा."

"नाही," सरोज म्हणाली.

"बसा. चहा टाकते," म्हणत काकू आत गेल्या, आणि सरोजनं पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती खुर्चीखाली सरकवली.